गजकर्ण

त्वचा, केस व नखे यांना होणारा कवकजन्य संसर्ग. यालाच नायटा म्हणतात. ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम व एपिडर्मोफायटॉन या प्रजातींतील कवके तो घडवतात. ही कवके त्वचा, केस व नखांतील केराटिन या प्रथिनावर जगतात, म्हणून सहसा खोल ऊतींत शिरत नाहीत. चट्टा कडेने पसरत जातो, मध्यभागी निवळतो. त्यामुळे वर्तुळ उमटते. परस्पर आणून लावलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज थांबवतात, पण कवक पसरू देतात. भारतातील चिवट गजकर्णामागचे हे मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही २०२० मध्ये वर्णिलेली जाती तर टर्बिनाफाइन या कवकरोधी औषधालाही अनेकदा जुमानत नाही. निदानासाठी त्वचेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.