कांट्याची साक्ष

टाकींत पेट्रोल किती उरलें आहे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. त्याचें उत्तर देण्याची रीत मात्र काळानुसार बदलत गेली. आणि एखाद्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा इंधनदर्शक कांटा बिघडला असतां, दोष शोधणाऱ्यास हा बदलांचा इतिहासच सर्वांत अधिक उपयोगी पडतो.

१९०८ ते १९२७ या काळांत अमेरिकेंत हेन्री फोर्डच्या कारखान्यानें काढलेल्या ‘मॉडेल टी’ गाडींत टाकी बहुधा पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल मोजण्याचें साधन म्हणजे खुणा केलेली एक लांकडी पट्टी. बैठक उचलावी, झांकण काढावें, पट्टी आंत सोडावी आणि ती कोठपर्यंत भिजली तें पाहावें. विहिरींत दोर सोडून पाण्याचा ठाव घ्यावा तसाच हा प्रकार. पट्टी सहसा खोटें सांगत नसे. परंतु तिची साक्ष काढण्यासाठीं गाडी उभी करावी लागे.

इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या वर्षांत तयार झालेल्या ‘एम्. जी. टी. सी.’ या स्पोर्ट्स मोटारींत टाकी आसनांच्या मागें, गाडीच्या शेवटीं गेली होती. तरीहि चालकापुढें पेट्रोलचा कांटा नव्हता. पेट्रोल अगदीं थोडें उरलें म्हणजे एक लहानसा दिवा लागे, एवढीच काय ती सूचना!

१९६२ सालीं त्याच कारखान्यांतून ‘एम्. जी. बी.’ ही प्रसिद्ध गाडी निघाली. तिचें उत्पादन १९८० पर्यंत चाललें. तिच्या टाकींत एका दांडीच्या टोकाशीं पोकळ तरंगता डबा असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खालीं होतो आणि दांडीचें दुसरें टोक रोधक तारेवर सरकतें. त्यानें विजेच्या प्रवाहांत जो फरक पडतो, तो कांटा दाखवितो. म्हणजे कांटा पेट्रोल पाहतच नाहीं. तो केवळ वीज पाहतो. पाहणारा साक्षीदार टाकींत, आणि बोलणारा चालकापुढें, अशी ही जोडी आहे.

आरंभींच्या गाड्यांत कांटा दोन विद्युच्चुंबकी वेटोळ्यांच्या ओढीनें हाले. बॅटरीचा दाब थोडा कमीअधिक झाला तरी दोन्ही वेटोळ्यांवर सारखाच परिणाम होई, त्यामुळें मापांत फारसा फरक पडत नसे. पण हा कांटा चंचल होता. वळणावर पेट्रोल हेलकावलें कीं तोहि हेलकावे खाई. १९६४ च्या सुमारास नवी योजना आली. दोन धातूंची जोडपट्टी, तिच्याभोंवतीं तापणारी तार. पट्टी तापून वांकली म्हणजे कांटा सावकाश सरके. कांटा स्थिर झाला खरा, परंतु तो दाबाच्या अधीन झाला. म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीकडून येणारी वीज तोडत-जोडत सरासरी दहा व्होल्टांवर राखणारा एक नियामक त्यास जोडावा लागला.

येथेंच दोष शोधणारा फसतो. टाकीवरील तार सोडविली तर पूर्वींचा कांटा ‘पूर्ण’ दाखवितो, नंतरचा ‘रिकामी’. तीच तार गाडीच्या धातूच्या सांगाड्यास लावली तर पूर्वींचा ‘रिकामी’ दाखवितो, नंतरचा ‘पूर्ण’. एका पिढीचा नियम दुसऱ्या पिढीस लावणारा कारागीर निर्दोष कांट्यास दोषी ठरवितो, आणि मालकाचे पैसे व्यर्थ जातात.

यासाठीं परीक्षेचा क्रम पाळावा. प्रथम गाडी कोणत्या पिढीची तें ठरवावें. मग फ्यूज व त्यावरील इतर उपकरणें पाहावीं. त्यानंतर टाकी बंद असतां, वाफ नाहीं अशी खात्री करून, तारेची वरील परीक्षा घ्यावी. तार सांगाड्यास क्षणभरच लावावी. अधिक वेळ धरल्यास तापणारी तार जळण्याचें भय असतें. कांटा नियमाप्रमाणें हालला तर कांटा व तार दोन्ही निर्दोष. दोष टाकींतील साधनांत किंवा त्याच्या अर्थिंगमध्यें आहे. गंजलेला एक जोड घासून स्वच्छ केल्यानेंहि काम भागतें. तरंगत्या डब्यास भोंक पडून त्यांत पेट्रोल शिरलें असेल, तर तो बुडतो व टाकी भरलेली असतांहि कांटा ‘रिकामी’ म्हणतो. एकाच ठिकाणीं कांटा दचकत असेल तर तेथें रोधक तार झिजली आहे असें समजावें. टाकींतील साधन बाहेर काढण्यापूर्वीं बॅटरीची जोडणी सोडवावी आणि ज्योत जवळ आणूं नये, हें सांगावयास नकोच.

नंतरच्या गाड्यांत सर्वांत घातक दोष नियामकाचा असतो. त्याचें अर्थिंग तुटलें कीं तो वीज तोडण्याचें थांबवितो. कांट्यास पुरा दाब मिळतो आणि तो आहे त्याहून अधिक पेट्रोल दाखवूं लागतो. कमी दाखविणारा कांटा चालकास फार तर पंपाकडे लवकर धाडतो. अधिक दाखविणारा मात्र त्यास निर्धास्त ठेवून रात्रीं आडरस्त्यावर उभा करतो.

दुरुस्ती झाल्यावरहि एक काम उरतें. जवळजवळ रिकाम्या टाकींत मोजून पेट्रोल ओतावें आणि प्रत्येक मापास कांटा कोठें उभा राहतो तें टिपून ठेवावें. उत्तम स्थितींतील कांटाहि अंदाजच सांगतो. त्या अंदाजास किती विश्वास द्यावा, हें त्या टिपणावरून ठरतें.