हिशेबाची दुसरी प्रत

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजार भरला होता. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि खतेपत्रे, हिशेबाच्या वह्या ओढून काढून जाळल्या. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पसरले. फेड किती झाली, बाकी किती राहिली, हे सावकाराच्याच वहीत असे. कुणब्याच्या घरी त्याची नक्कल नसे.

सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात आले. भरलेल्या रकमेची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक, असा हक्क कर्जदाराला मिळाला. हिशेबाची दुसरी प्रत शेतकऱ्याच्या घरी यावी, हे त्यामुळे कायद्याने मान्य झाले.

हाच प्रश्न सोलापुरातल्या विडी कामगार बायकांपुढेही आला. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी न्यायची, विड्या वळून परत द्यायच्या. माल किती दिला, विड्या किती आल्या, नापास किती ठरल्या, या नोंदींवरच मजुरी ठरते. १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. १९७७ पासून या उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने घरी काम करणाऱ्यांचाही त्यावरचा हक्क मान्य केला. तो सिद्ध करताना जुन्या नोंदीच कामी येतात.

शहराशेजारच्या कुंभारीत या कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचे. वारली वेठबिगारांच्या लढ्यावरच्या त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता.

आता या बायकांना आपल्या मजुरीची नोंद फोनमध्येही ठेवता येते. २०१३ साली आलेले गूगल कीप हे ॲप मजुरीच्या नोंदीच्या कागदाचा फोटो ठेवते, बोललेले टिपून घेते; लिहायचा सराव नसलेल्या बाईला ते सोपे. मात्र तिथल्या नोंदी गूगलच्या खात्याला बांधलेल्या असतात. ऑब्सिडियन हे दुसरे ॲप मजकुराच्या साध्या फायली फोनमध्येच ठेवते, त्या इतर ॲपमध्येही उघडतात. पण ते शिकायला वेळ लागतो. मजुरीच्या नोंदीसाठी ॲप निवडताना दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: रोजची नोंद कामातून उठून झटपट करता येते का, आणि वीस वर्षांनी निधी कार्यालयात ती छापून नेता येईल का.