साष्टीतील श्रवणभक्ती आणि ख्रिस्तपुराण

मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या फादर स्टीफन्सच्या ओव्या ज्याने वर्गात शिकविल्या नाहीत, असा मराठीचा शिक्षक विरळाच म्हटला पाहिजे. रत्नांमध्ये हिरा, फुलांमध्ये मोगरा अशा उपमांची ती माळ आपल्या पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि संमेलनांच्या निमंत्रणपत्रिकांतून इतकी फिरली आहे की, ज्या ग्रंथात ती ओवली गेली तो सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ आहे आणि तो लिहिणाऱ्याच्या मनात भाषेचा गौरव हा प्रधान हेतू नव्हता, याचा आपणांस विसर पडला आहे. एका परकीयाने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण त्या ओळी मिरवितो. बाकीचा ग्रंथ मात्र धर्मप्रचाराचे साहित्य म्हणून बाजूस ठेवतो. ख्रिस्तपुराण हे मुळात उपासनेचे पुस्तक आहे. ते ऐकण्यासाठी, आणि ऐकता ऐकता प्रार्थना करण्यासाठी रचले गेले. त्या अंगाने त्याच्याकडे पाहिल्यावाचून त्याची भाषादेखील नीट कळणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची सुमारे चाळीस वर्षे त्याने याच भूमीत, बहुतांशी साष्टीत, घालविली. येशू संघाच्या पाद्र्यांकडे तेव्हा साष्टी होती, आणि ती शांत नव्हती. १५६७ मध्ये तेथील देवळे मोडण्यात आली होती. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाविवा आणि येशू संघातील त्याचे चार सहकारी गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी त्या गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. देवळांचे भग्न चौथरे, नुकतीच उभी राहिलेली चर्चे आणि दोन्ही बाजूंच्या मृतांची ताजी आठवण, या साऱ्यांमध्ये स्टीफन्सचे काम चालले होते. त्याच्या ग्रंथाचा गोडवा वर्णन करताना ही पार्श्वभूमी झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या उपासनेचे स्वरूप काय होते, ते पाहू. वेदीवरील मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. ती भाषा त्याला कळत नव्हती. ती त्याने समजून घ्यावी अशी अपेक्षाही नव्हती. गुडघे टेकणे, घंटेच्या नादाबरोबर मस्तक नमविणे, क्रुसाची खूण करणे, हाच त्याचा त्या विधीतील वाटा. याच्या जोडीला होती ‘दौत्रिन’, म्हणजे धर्मशिक्षणाची घोकंपट्टी. १५४२ मध्ये गोव्यास आलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना गोळा करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना चालीवर म्हणवून घेई. पुढे स्टीफन्सने हीच सामग्री कोकणीत गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने मांडली. त्याचे हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापले गेले. गोव्याच्या कोकणीत प्रार्थनेला ‘मागणें’ म्हणतात. ‘आमच्या बापा’पासून आरंभ होणारे मागणे असे घराघरांत पोहोचले.

पण माणसाची भक्ती केवळ मागण्याने आणि गुडघे टेकण्याने पुरी होते काय? साष्टीतल्या माणसाला आणखी एका गोष्टीची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. ती म्हणजे पुराण ऐकणे. संध्याकाळी देवळाच्या मंडपात बसावे, पुराणिकाने पोथी सोडावी, ओवी गाऊन तिचा अर्थ सांगावा आणि ऐकणाऱ्याने मधूनच प्रश्न विचारावा, हा त्याच्या धर्मजीवनाचा नित्याचा भाग होता. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, ते उगीच नव्हे. १५२६ मध्ये केळशीच्या कृष्णदास शामाने कृष्णचरित्राची कथा लिहावयास घेतली, ती अशाच श्रोत्यांसाठी. धर्म बदलला तेव्हा मंडप गेला, पोथी गेली आणि ऐकण्याची ती संध्याकाळही गेली. जुनी पुराणे बाळगण्यास बंदी आली. त्यांतील काही पाद्र्यांनीच भाषा शिकण्यासाठी उतरवून घेतली, आणि त्या प्रती पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात विसाव्या शतकात संशोधकांच्या हाती लागल्या, हा दैवाचा मोठा विलक्षण खेळ होय.

या उणिवेची जाणीव ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत (अध्यायाला त्या ग्रंथात हाच शब्द आहे) कथारूपाने आली आहे. चर्चमध्ये दौत्रिन शिकविली जात असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? मला हा प्रश्न त्या सबंध ग्रंथाचे बीज वाटतो. प्रश्न विचारणाऱ्याला सिद्धांत कमी पडत नव्हते. त्याला कथा हवी होती, आणि ती आपल्या चालीत हवी होती. ही तक्रार एका पाद्र्याने स्वतःच्याच ग्रंथाच्या तोंडी नोंदवून ठेवावी, यात त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो; आणि नकळत त्या काळाविरुद्ध दिलेली साक्षही दिसते.

उत्तरादाखल जे रचले गेले त्याची घडण पाहावी. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व इतिहास आला आहे; दुसऱ्यात ५९ असून त्यांत ख्रिस्ताचे चरित्र आहे. आरंभी नमन आहे. गणेश आणि शारदा यांच्या ठिकाणी पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि कुमारी मरिया यांना वंदन केले आहे. पण त्याचा नाद ज्ञानेश्वरी ऐकलेल्या कानाला ओळखीचा वाटतो. पहिल्या तीन चरणांचे यमक जुळवून चौथा चरण मोकळा सोडणारी तीच ओवी, तोच वक्ता आणि शंका विचारणारे तेच श्रोते. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास स्टीफन्स कचरला नाही. जिथे अर्थाचा घोटाळा होईल असे त्याला वाटले तिथे त्याने पोर्तुगीज वा लॅटिन शब्द ठेवला. जिथे केवळ आदराचा प्रश्न होता तिथे आपल्याकडचा शब्द घेतला. ही विभागणी ढोबळ आहे आणि तिला अपवाद पुष्कळ निघतील, हे मान्य. शिवाय लंडन येथे मार्सडेन संग्रहात सापडलेल्या देवनागरी हस्तलिखितात यांपैकी बऱ्याच परकीय शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत, त्यामुळे मूळ पाठ कोणता हा वाद उरतोच. तरीही एक गोष्ट दोन्ही पाठांत सारखी आहे: देवाविषयी बोलताना वाणीने घ्यावयाची अदब, आणि ती अदब मराठी कथेकऱ्याची आहे.

मराठीच का? साष्टीचा माणूस घरी कोकणी बोले. स्टीफन्सला ती उत्तम येत होती. तिचे व्याकरण लिहिणारा पहिला मनुष्य तोच, आणि ते व्याकरणही त्याच्या पश्चात १६४० मध्ये छापले गेले. असे असता दौत्रिन कोकणीत आणि पुराण मराठीत, ही वाटणी त्याने का केली? उत्तर गोव्याच्या कोणत्याही हिंदू घरात आजही ऐकू येते. बोलणे, रुसणे, बाजारहाट सारे कोकणीत, पण गणपतीपुढची आरती आणि देवळातले भजन मराठीत. देवाशी सलगीने बोलावयाची एक भाषा आणि देवाचे ऐश्वर्य ऐकावयाची दुसरी, ही त्या भूमीतील जुनी रीत. स्टीफन्सने ती ओळखली आणि मोडली नाही. जुने मराठी शब्द श्रोत्यांस अवघड जातील म्हणून आपण त्यांत ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द मिसळले आहेत, असे तो प्रस्तावनेत सांगतो. कोकणी आणि मराठी यांच्या वादात दोन्ही पक्ष या साधूला आपापल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करीत आले आहेत. त्याने मात्र दोन्ही भाषांना आपापली कामे दिली होती, आणि त्या कामांत तंटा नव्हता.

ग्रंथ छापण्याचा प्रश्न आला तेव्हा त्याला एका गोष्टीने अडविले. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या संघप्रमुखास लिहिलेल्या पत्रात, या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा असल्याचे कळविले. अडचण खिळ्यांची होती. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरत. इथे जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून सहाशे साचे पाडावे लागतील, असा त्याचा हिशेब होता. ते घडले नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापले गेले. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये ते गाऊन वाचले जाऊ लागले, आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. मधल्या काळात, १६२९ मध्ये, एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याचे संत पीटरविषयीचे पुराणही छापून झाले होते. ज्या समाजातील फार थोड्यांना वाचता येत होते, त्यात असल्या मोठ्या ग्रंथांना एवढी मागणी यावी, याचा अर्थ वाचणारा एक आणि ऐकणारे शंभर, हाच घ्यावा लागतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धेचा उगम ऐकण्यात सांगितला आहे. आपल्याकडील श्रवणभक्ती आणि ते वचन साष्टीच्या चर्चमध्ये असे एकमेकांस भेटले.

ही भेट फार काळ टिकली नाही. १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने लोकांची भाषा न जाणणाऱ्या पाद्र्यास धर्मग्रामाचा अधिकार देऊ नये असे ठरविले होते. पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने हुकूम काढला की, धर्मशिक्षण पोर्तुगीजमधून द्यावे आणि लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास लागावे. १७४५ मध्ये तर विवाहेच्छूंना पोर्तुगीज येत असलेच पाहिजे अशी अट आर्चबिशपने घातली. हुकमाने कोणाची बोली सुटत नाही. कोकणी मागणी घराघरांतून चालूच राहिली, आणि वाटेवरच्या क्रुसापाशी जमून लादाइन्य म्हणण्याची चालही टिकली. मार बसला तो मराठीला. आईच्या तोंडून शिकता येणारी प्रार्थना राजाज्ञेला पुरून उरते, परंतु पुराणाला वक्ता लागतो, मंडप लागतो आणि पाठीशी गुरूची संमती लागते. ती संमती गेली तेव्हा श्रोत्यांचा मेळा मोडला. साष्टीच्या माणसाकडून त्याच्या ऐकण्याची संध्याकाळ अशी दुसऱ्यांदा काढून घेतली गेली, आणि या खेपेस त्याच्याच धर्माच्या धुरीणांनी ती काढून घेतली.

१६५४ नंतर ग्रंथ पुन्हा छापला गेला नाही. छापील तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. तो वाचला तो हातांनी उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या मंगळूरच्या कॅथोलिक कुटुंबांनी या प्रती बरोबर नेल्या व जपल्या. १७८४ ते १७९९ या काळात टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात याच ओव्यांनी आपल्या पूर्वजांना धीर दिला, अशी त्या समाजात आख्यायिका आहे. आख्यायिकेला कागदाचा पुरावा मागू नये. कोणत्या ग्रंथाविषयी ती निर्माण झाली हेच पुरेसे बोलके आहे. ज्यांची बोली कोकणी आणि सभोवतालची भाषा कानडी व तुळू, अशा माणसांनी संकटातला आधार म्हणून मराठी ओव्यांचे नाव घ्यावे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांत एखाद्या तळटीपेपेक्षा अधिक जागा मागते. तेथील हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला चौथी आवृत्ती काढली, तीही रोमन लिपीत. त्यांनी केलेल्या कष्टांचे मोल आपल्या विद्यापीठांनी पुरते ओळखले आहे, असे म्हणवत नाही.

मिस्सा लोकांच्या भाषेत करण्यास व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी वाट मोकळी केली. त्यानंतर मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा वेदीपर्यंत पोहोचल्या, आणि लॅटिन विधी व देशी श्रवण यांच्यातील जुने अंतरही उरले नाही. पण तोवर पुराण ऐकणारा श्रोता उरला नव्हता. आजचा भाविक प्रार्थना समजून म्हणतो, हे चांगलेच आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा त्याचा पूर्वज मात्र न समजणाऱ्या मिस्सेनंतर तासन्‌तास बसून आपल्या देवाची कथा आपल्या ओवीत ऐकत असे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही ते सांगितलेले नसते. त्याला आपण हिरा आणि मोगरा सांगतो.

शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेले ख्रिस्तपुराण १९५६ मध्ये पुण्यास देवनागरीत छापून निघाले. या देशाच्या लिपीत हे काम व्हावे म्हणून स्टीफन्सने रोमला पत्र लिहिले होते, त्याला त्या वेळी ३४८ वर्षे झाली होती.