वाकळ

थंडी पडली की बेळगावकडच्या जांबोटीच्या रानपट्ट्यात चुलीवर कुळथाचं माडगं रटरटतं आणि ओट्यावर वाकळ शिवायला बसतात. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर काठाकडून आत सरकत जाणारा धावदोरा. पुण्याकडे हिला गोधडी म्हणतात. मला मात्र ‘वाकळ’ जास्त जवळची, कारण तिचं कूळ फार जुनं आहे.

मूळ शब्द संस्कृत ‘वल्कल’, म्हणजे झाडाची साल. प्राकृतात ‘वक्कल’, मराठीत ‘वाकळ’. चक्र-चक्क-चाक झालं, तसंच. वनवासातल्या रामाचं, कालिदासाच्या शकुंतलेचं हे वस्त्र. साल गेली, चिंध्या आल्या. साधेपणा तेवढा शब्दाला चिकटून राहिला.

शेजारच्या कन्नडमध्ये हीच कौदी. तिकडच्याच हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी समाजातल्या बायका अशीच कवंदी शिवतात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुलं’ लावतात; त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

आज शहरातल्या दुकानांत ‘गोधडी’ दिमाखात विकली जाते. ‘वाकळ’ उरली आहे ती कोल्हापूर-बेळगावकडच्या घरांत, आजीच्या तोंडी. तुमच्या घरी असेल, तर मुलांसमोर तिला वाकळच म्हणा.