इयत्ता म्हणजे एवढेच का?

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरपाशी पश्चिमेकडे वळले, की वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनी हे गाव लागते. राजगडावर जाणारी मंडळी येथूनच साखर, गुंजवणे या गावांकडे वळतात. या परिसरातील एखादी दोनशिक्षकी शाळा आपण डोळ्यांसमोर आणू. एकाच खोलीत तिसरी आणि चौथी शेजारी-शेजारी बसली आहे. गुरुजींनी चौथीला फळ्यावर गुणाकाराची पाच उदाहरणे दिली आणि ते तिसरीकडे वळले. एका मुलीची पाचही उदाहरणे पाच मिनिटांत झाली. उत्तरे बरोबर आहेत. तास संपायला अजून अर्धा तास आहे. आता तिने काय करायचे?

ही मुलगी अलौकिक बुद्धीची नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचे नाव कदाचित येणारही नाही. पण ती मागेही पडणार नाही, आणि म्हणूनच तिची काळजी कोणाला वाटत नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचे वर्षाला किमान २०० दिवस भरतात. रोज अर्धा तास धरला तरी वर्षाकाठी शंभर तास झाले. एवढ्या वेळात ती एकच गोष्ट शिकते : आपले काम झाले की स्वस्थ बसायचे असते. ही सवय एकदा जडली, की पुढे खरोखर अवघड गणित समोर आले तरी त्याच्याशी झटण्याची तयारी उरत नाही.

हा प्रश्न आला कोठून? आमच्या मते तो 'इयत्ते'बरोबर आला.

पंतोजींच्या शाळेत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील गावठी शाळांमध्ये इयत्ता नव्हत्या. पंतोजींपुढे लहानमोठी मुले एकत्र बसत. कोणी धुळपाटीवर अक्षरे गिरवी, कोणी पावकी-निमकी घोकी, कोणी मोडी पत्रे लिही. ज्याचे पाठ होई तो पुढच्या पाठाला लागे आणि मागच्याला शिकवी. या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे घोकंपट्टी होती, छडी होती, आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या मुलांना दार बंद होते. पण पुढे गेलेल्या मुलाने थांबून राहावे, असा नियम मात्र तेथे नव्हता.

अशाच पद्धतीकडे अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाचे लक्ष गेले. १७८९ मध्ये तो मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. तेथील देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. जोसेफ लँकेस्टरच्या अशाच पद्धतीबरोबर तो इंग्लंडभर पसरला. आपल्या वर्गातील 'मॉनिटर' हा त्याच परंपरेतला. मात्र या प्रवासात एक गोष्ट हरवली. शेकडो मुलांना थोड्या खर्चात शिकवणे हाच हेतू होऊन बसला, आणि मॉनिटर हा बिनपगारी मदतनीस झाला. त्याने इतरांना शिकवावे. त्याने स्वतः नवे काय शिकावे, हा विचार मागे पडला.

इयत्ता आली

१८६२ मध्ये इंग्लंडात नवी नियमावली आली. प्रत्येक इयत्तेला वाचन, लेखन व अंकगणिताचे ठरावीक माप. तपासनीस वर्षातून एकदा परीक्षा घेणार आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या हिशेबाने शाळेला अनुदान. ही 'निकालावर अनुदान' पद्धत त्याच दशकात मुंबई इलाख्यातही आली. शिक्षकाचे सारे लक्ष काठावरच्या मुलाकडे जाणे स्वाभाविक होते. जे मूल सप्टेंबरातच उत्तीर्ण होण्याजोगे झाले, त्याच्यावर पुढे कष्ट घेऊन शाळेला एक पैही जास्त मिळणार नव्हती. 'इयत्ता' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच 'एवढेपणा', म्हणजे मर्यादा!

मग हुशार मुलांसाठी उपाय निघाला तो निवडीचा : परीक्षा घ्या आणि वरच्यांना शिष्यवृत्ती द्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी याच जागी बोट ठेवले होते. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य असले तरी त्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या घरी आधीच पाटी-पुस्तक आहे, तोच स्पर्धेत पुढे येणार. मार्गासनीच्या परिसरातील मुलीच्या बाबतीत हा मुद्दा आजही विसरून चालणार नाही.

विसाव्या शतकात बुद्धिमापन आले. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी आपली कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत करण्यासाठी. डॉ. वि. वि. कामत यांनी धारवाड भागातील कानडी व मराठी मुलांवर काम करून ती आपल्याकडे रुजवली. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९५४-५५ पासून महाराष्ट्रात शासकीय शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. १९६२ मध्ये पुण्यात अप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांना बळ दिले. त्यांत किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखल्या गेल्या. ही सारी कामे मोलाची आहेत. पण कोणतीही चाळणी लावली तरी बरेच काही तिच्याखाली उरते. आपली चौथीतली मुलगी तेथेच आहे.

अडचणीतली संधी

येथे दोनशिक्षकी शाळेकडे पुन्हा पाहू. साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात; म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता आल्याच. आपण याला अडचण म्हणतो, आणि शिक्षकावरचा ताण खराच आहे. पण डेव्हिड हॉर्सबर्ग यांनी १९७२ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात 'नीलबाग' शाळा काढली ती मुद्दामच इयत्तांविना. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी अभ्यासाची शिडी करून प्रत्येक मुलाला आपापल्या पायरीवरून चढू दिले. भिंत नसणे हेच त्यांचे बळ ठरले.

आपल्याला उद्यापासून काय करता येईल? वेळेआधी गणित सोडवणाऱ्या मुलीला आणखी पाच तशीच उदाहरणे देऊ नयेत. ती तिला शिक्षाच वाटेल. रोज तिला मॉनिटरही करू नये. तिला प्रश्न द्यावा. २४ गुणिले ६ बरोबर १४४ झाले ना? मग १४४ येईल अशा संख्यांच्या सगळ्या जोड्या शोध. १ आणि १४४, २ आणि ७२ असे करत १२ आणि १२ पर्यंत आठ जोड्या मिळतात. आता विचारावे : आठच कशावरून? नववी का नाही? १४४ चे विभाजक मोजले तर पंधरा भरतात, सोळा नाहीत, असे का? १०० चे मोजून पाहा, ३६ चे पाहा, ४० चे पाहा. १०० चे नऊ येतात, ३६ चेही नऊ, ४० चे मात्र आठ. कोणत्या संख्यांचे विभाजक विषम येतात, हे तिचे तिला सापडले, तर तो अर्धा तास तिचा झाला. या प्रश्नाला खडू आणि पाटी पुरते, आणि शेजारच्या तिसरीतले एखादे मूल मान वळवून ऐकू लागले तर त्याला थांबवू नये.

आम्ही संशोधनात जे करतो त्यात बराचसा वेळ उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नासमोर बसण्यातच जातो. त्यासाठी अलौकिक बुद्धी लागते असे नाही. त्याची सवय लागते. ती लावण्याची जागा चौथीचा वर्ग आहे. पाच उदाहरणे संपवून मान वर करणारे मूल आपल्या वर्गात उद्याही असेल. त्याच्यासाठी एक प्रश्न आधीच काढून ठेवावा.