पोटात पाय

शोधनिबंध लिहिणं हे लोक समजतात तितकं कठीण काम नाही. विषय सुचतो, पुस्तकं जमतात, निष्कर्षही कुठून तरी निघतात. खरी कसोटी लागते ती शेवटच्या दोन पानांत, म्हणजे संदर्भसूचीत. आमच्या शेजारच्या प्राध्यापकांचा निबंध एका नियतकालिकाकडून परत आला, तेव्हा संपादकांनी निष्कर्षांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांची तक्रार होती सालानंतरच्या पूर्णविरामाबद्दल. मग पुढचा आठवडाभर प्राध्यापक, तांदळातले खडे वेचावेत तसे स्वल्पविराम वेचत बसले होते.

मला विचाराल तर संदर्भसूची ही विद्वानांची लग्नपत्रिका आहे. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाला ठळक टायपात घ्यायचं आणि कुणाला 'समस्त परिवारा'त ढकलायचं, याचे नियम दोन्हीकडे सारखेच कडक. पत्रिकेत एखादा मामा राहिला की कार्यात विघ्न आलंच म्हणून समजा. विद्वानांतही असे मामा असतात. आपल्या ग्रंथाचा उल्लेख कुणी गाळला, हे ते वीस-वीस वर्षं विसरत नाहीत. पण पत्रिकेचा मजकूर घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेला असतो, हे निदान माहीत असतं. हे संदर्भाचे सोवळं-ओवळं कुणी ठरवलं? म्हटलं, जरा या घराण्याची वंशावळ काढून पाहावी.

वंशावळीत वरच्या बाजूला एक दांडगे गृहस्थ भेटतात. पिएर बेल त्यांचं नाव. मूळचे फ्रेंच, आश्रयाला हॉलंडमधल्या रॉटरडॅमला. त्यांनी १६९७ साली एक चरित्रकोश काढला. त्यात वर मजकुराच्या चार ओळी आणि खाली टिपांचा महापूर. चटणी-कोशिंबिरीनं ताट भरून जावं आणि भाताची मूद शोधावी लागावी, तसला प्रकार. पण बेलसाहेबांचा हेतू साधा होता. आधीच्या कोशकारांच्या चुका पकडायच्या, तर आपला पुरावाही उघड्यावर मांडायला हवा.

त्यानंतरचे मोठे नाव गिबनचे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा त्याचा इतिहास १७७६ साली येऊ लागला. पहिल्या खंडात टिपा होत्या पुस्तकाच्या शेवटी. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम तेव्हा आजारी होता, त्याच वर्षी तो निवर्तला. पण तशा अवस्थेतही त्यानं प्रकाशकाला कळवलं, की टीप पाहायला दर वेळी पुस्तकाचं शेपूट धुंडाळावं लागतं, तेव्हा त्या पानाच्या तळाशीच छापा. मरणाच्या दारातही माणसाला पानं उलटण्याचा वैताग येतो, हे वाचून मला ह्यूमविषयी फार आपुलकी वाटली. पुढे टिपा खरोखरच तळाशी आल्या.

त्या टिपांची किंमत गिबनला लवकरच कळली. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारावरच्या त्याच्या प्रकरणांनी गहजब उडाला होता. १७७८ साली डेव्हिस नावाच्या तरुणानं पुस्तक लिहून आरोप केला, की हा लेखक दुसऱ्यांचं चोरतो आणि आधार चुकीचे देतो. गिबननं १७७९ साली उत्तर छापलं. त्यातला एक टोला असा, की डेव्हिसशी ओळख वाढवण्याची मला हौस नाही. पण मी घरी नसेन अशा एखाद्या दुपारी तो आला, तर माझा नोकर त्याला माझी पुस्तकं दाखवील! मला वाटतं, संदर्भ देणं म्हणजे नेमकं हेच. मी घरी नसलो तरी माझं कपाट उघडं आहे, या आणि पडताळून पाहा.

आता गंमत पुढेच आहे. लेखकाचं आडनाव आणि साल कंसात टाकून मोकळं व्हायचं, ही जी पद्धत 'हार्वर्ड' नावानं मिरवते, तिचा उगम शोधणारे शोधत शोधत गेले ते एका गोगलगाईपाशी. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली एका बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर लांबलचक निबंध छापला, त्यात हा कंस पहिल्यांदा दिसतो असं सांगतात. म्हणजे पानाच्या पायाशी असलेली टीप उचलून त्यांनी वाक्याच्या पोटात घातली. गोगलगाय आणि पोटात पाय! आपल्या पूर्वजांना हे आधीच कसं कळलं होतं, देव जाणे. आणि हा कंस काय आहे हे वाचकाला समजावं, म्हणून मार्कसाहेबांनी खाली काय दिलं असेल? तळटीप!

मग नियमांची पुस्तकं सुरू झाली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९२९ साली लेखकांसाठी सूचना छापल्या, त्या अवघ्या सात पानांच्या. २०१९ साली तिच्या वंशजाची सातवी आवृत्ती निघाली, ती चारशेहून अधिक पानांची. मनुष्याच्या मनात एवढं वाढलं की काय, ते मानसशास्त्रज्ञच जाणोत. वर्षानुवर्षं लेखकांनी प्रकाशकाचं गाव शोधण्यात डोळे फोडले. सातव्या आवृत्तीनं सांगितलं, गावाची जरुरी नाही. वैद्यक नियतकालिकांचे संपादक १९७८ साली कॅनडात व्हँकुव्हरला जमले आणि त्यांनी ठरवलं, नावंच नकोत, नुसते क्रमांक टाका. रुग्णांना खाटेच्या क्रमांकानं ओळखणाऱ्यांना हे सुचावं यात नवल नाही.

या साऱ्यात मराठी माणसाची मात्र पंचाईत होते. आपल्याकडे मोठी माणसं आद्याक्षरांवर जगतात. पु. ल. म्हटलं की पुरे. पण सूचीत गेले की ते 'देशपांडे' होतात, आणि देशपांड्यांच्या त्या गर्दीत कोण कुठला हे सालावरून ओळखायचं. एकाच लेखकाची एका सालात दोन पुस्तकं निघाली, तर '१९७८ अ' आणि '१९७८ ब', जणू शाळेतल्या तुकड्या. सालातही घोटाळा. जुन्या पुस्तकावर शके छापलेला. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले तरी पौष-माघातलं पुस्तक पुढच्या इसवी सनात पळून जातं. शिवाय 'तत्रैव' आहेच. 'तत्रैव' म्हणजे वर सांगितलेलाच ग्रंथ. मध्ये एक नवी टीप घुसवली, की पुढचं 'तत्रैव' बिनतक्रार भलत्याच घरी नांदायला जातं.

तरीही हसता हसता थांबावं अशी एक जागा आपल्याकडेच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली, ती पुरी झाली १९६६ साली. तिचं पान उघडा. वर थोडे श्लोक, आणि खाली बारीक टायपात कोणत्या पोथीत कोणता शब्द निराळा आहे याची दाटी. सत्तेचाळीस वर्षं पंडितांच्या पिढ्या त्या तळाच्या भागासाठी राबल्या. प्रमुख संपादक सुखठणकर तर काम पुरं होण्याआधीच, १९४३ साली गेले. तो तळ कुणी फारसा वाचत नाही. पण वरच्या श्लोकावर आपण विश्वास ठेवतो तो त्याच्या जिवावर.

हल्ली संगणक ही सारी मांडणी क्षणात करून देतो. स्वल्पविराम जिथल्या तिथे, कंस रांगेत. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी असेच देखणे दाखले सादर केले. खटल्यांची नावं, सालं, खंड, पृष्ठं, सगळं शिस्तीत. फक्त ते खटले कधी झालेलेच नव्हते. यंत्रानं ते रचले होते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला.

शेजारच्या प्राध्यापकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "पण पूर्णविराम बरोबर होते ना?"

असतील. पण गिबनच्या नोकरानं दार उघडलं असतं, आणि कपाट रिकामं निघालं असतं.