सर्वेक्षणातील टक्केवारी कशी वाचावी?

‘राज्यातील निम्म्याहून अधिक महिलांना ॲनिमिया’ ही बातमी तुम्ही वाचली असेल. हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये ॲनिमिया आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे वेगळे माहितीपत्रकही आहे. ते ‘औरंगाबाद’ या जुन्या नावाने शोधा.

आमच्या घरी कोणी आलेच नाही, मग हे खरे कसे?

शितावरून भाताची परीक्षा होते. मात्र शीत कुठून उचलले याला महत्त्व आहे. समजा, घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत आलेल्या दहा हजार महिलांचे हिमोग्लोबिन तपासले. संख्या मोठी, तरी त्यावरून जिल्ह्याचे प्रमाण सांगता येणार नाही, कारण तिथे येणाऱ्या बहुतेक जणी काहीतरी त्रास होतो म्हणूनच आलेल्या असतात.

म्हणून सर्वेक्षणात आधी जनगणनेच्या यादीतून गावे आणि शहरातील गट निवडतात. त्या प्रत्येक ठिकाणी सर्व घरांची नव्याने यादी करून ठरावीक अंतराने २२ घरे घेतात. पैठण असो वा सिल्लोड, कोणते घर येणार हे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर नसते. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा जायचे, शेजारचे घर घ्यायचे नाही. दिवसा घरी सापडणाऱ्या आणि कामावर गेलेल्या महिलांची तब्येत सारखी असेलच असे नाही.

जिल्ह्याचा आकडा सावधपणे वाचा

एक हजार महिलांच्या नमुन्यात ५० टक्के आले, तर खरे प्रमाण साधारण ४७ ते ५३ च्या दरम्यान असू शकते. त्यातही एकाच गावातल्या महिलांचे खाणे-पिणे, पाणी बरेचसे सारखे असते. त्यामुळे प्रत्येक नवी महिला पूर्णपणे नवी माहिती देत नाही आणि ही मर्यादा आणखी रुंदावते. दोन फेऱ्यांत जिल्ह्याचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी हलला, तर त्यावरून ‘परिस्थिती बिघडली’ म्हणणे घाईचे ठरेल. (मथळे मात्र बहुधा तेच म्हणतात.) माहितीपत्रकात कंसात दिलेला आकडा २५ ते ४९ जणांवरच आधारलेला असतो; २५ पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी फुली दिसते.

मोजमापाचे काय?

नमुना मोठा केला की वरची चूक कमी होते, मोजण्यातली चूक होत नाही. या सर्वेक्षणात बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला होता. बोट दाबून थेंब काढला, तर त्यात पेशींबाहेरील द्रव मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी अधिक भरवशाची असते. या पद्धतीवर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला आणि २०२३-२४ च्या सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिन तपासणी वगळण्यात आली.

याचा अर्थ ॲनिमिया ही अफवा आहे, असा नव्हे. आणि जिल्ह्याची टक्केवारी तुमचे हिमोग्लोबिन सांगत नाही. दम लागत असेल, थकवा जात नसेल, पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल, तर सीबीसी करून घ्या. गरोदर नसलेल्या महिलेत १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदरपणात ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सर्वेक्षणाचे कर्मचारी दारात आले तर ओळखपत्र जरूर पाहा. रक्त द्यायचे की नाही हे तुमच्या संमतीवर आहे; नुसत्या प्रश्नांची उत्तरे देऊन तपासणी नाकारता येते.